माहेरी येण्याचा परवाना

थंडीची चाहूल लागली की आमच्या पनवेलच्या घरात व्हिसाची बोलणी सुरू होतात. इस्रायलमधल्या अश्दोदहून आत्याचा फोन येतो, बीरशेवाहून चुलत भावंडांचे निरोप येतात, लंडनचा आतेभाऊ तारखा विचारू लागतो. आम्हा बेने इस्रायल ज्यूंच्या घरांत याचे कुणाला नवल नाही. पनवेल, पेण, अलिबाग, रोहे या पट्ट्यातली आमची कितीतरी घरे पन्नास-साठच्या दशकांत रिकामी झाली. आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे सुमारे 85 हजार ज्यू आहेत आणि त्यांतले बहुसंख्य महाराष्ट्रातून गेलेले. मागे राहिलेली आम्ही मोजकी घरे. आमचे बेथ एल सिनेगॉग 1849 सालचे. एरवी तिथे प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायचे तर फोनाफोनी करावी लागते. डिसेंबरात इस्रायलची माणसे उतरली की बाक भरतात, मलिद्याचे पोहे मोठ्या परातीत कालवावे लागतात.

मी बँकेत नोकरी केली. कागद तपासायचा हात बसला होता, म्हणून निवृत्तीनंतर सगळ्या गोतावळ्याचे अर्ज माझ्याकडे आले. या अर्जांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली आणि ती आमच्यासारख्या प्रत्येक घराला कळावी असे मला मनापासून वाटते: ई-व्हिसा पाहुण्यासाठी केलेला आहे. ज्याचे येणे रक्ताच्या नात्याचे आहे आणि पुन्हा पुन्हा आहे, त्याने त्यावर विसंबू नये.

सोय मात्र मोठी झाली, हे आधी सांगितले पाहिजे. 1992 पर्यंत दोन्ही देशांत दूतावाससुद्धा नव्हते. मुंबईत इस्रायलचा कॉन्सल होता, तेवढाच. 27 नोव्हेंबर 2014 ला भारताने 43 देशांच्या नागरिकांसाठी ऑनलाइन परवानगी सुरू केली, त्या पहिल्याच यादीत इस्रायल होते. तेव्हा ती तीस दिवसांची असे आणि वर्षातून दोनदाच मिळे. पुढे वर्षाचा आणि मग पाच वर्षांचा ई-टुरिस्ट व्हिसा आला. आत्याने 2019 मध्ये पाच वर्षांचा काढला. फोनवर म्हणाली, "आता बाय, पाच वर्सं मला कुणी विचारणार नाय."

ई-मेलने येतो तो कागद म्हणजे ईटीए, इलेक्ट्रॉनिक ट्रॅव्हल ऑथरायझेशन. पासपोर्टावर शिक्का बसतो तो मुंबईला उतरल्यावर, ई-व्हिसाच्या काउंटरवर. तिथे बोटांचे ठसे घेतात, फोटो घेतात आणि आत सोडायचे की नाही हे समोरचा अधिकारी ठरवतो. उभा जन्म घरकाम केलेल्या आत्याच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्यात की यंत्राला ठसा लागेना. अंगठा पुसून, दाबून, पुन्हा ठेवून बराच वेळ गेला. तो तरुण अधिकारी मराठी होता. त्याने तिला खुर्ची दिली आणि म्हणाला, "आजी, घाई करू नका."

पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षे राहायची मुभा, असे आमच्याकडे कितीतरी जण धरून चालतात. इस्रायली पासपोर्टावर एका खेपेला सलग 90 दिवस. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपानच्या नागरिकांना 180. आत्याला हनुक्काला यायचे असते आणि पेसाख करून जायचे असते. डिसेंबर ते एप्रिल हा हिशेब 90 दिवसांत बसत नाही. ट्रॅव्हलवाले सुचवतात, मध्ये काठमांडूला किंवा कोलंबोला जाऊन या. ऐंशीच्या घरातल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला केवळ शिक्क्यासाठी विमानात बसवायला माझे मन कधीच झाले नाही.

कामाचेही तसेच. नातलगांना भेटणे, फिरणे, योगाचा छोटा वर्ग, महिनाभराच्या आत बिनपैशाची सेवा, एवढे ई-टुरिस्टमध्ये बसते. उपचारासाठी यायचे तर ई-मेडिकल वेगळा आणि त्या रुग्णासोबत दोघांनाच सोबतीचा व्हिसा. व्यापाराला वेगळा, परिषदेला वेगळा. एकदा मिळालेला ई-व्हिसा दुसऱ्या प्रकारात बदलून मिळत नाही. कॅन्टोन्मेंट भागांना तो चालत नाही, असेही अटींत लिहिलेले आहे. पुण्याच्या कॅम्पात, लाल देऊळ म्हणतात त्या सिनेगॉगच्या आसपास, कुणी परदेशी माणसाला अडवल्याचे मी पाहिलेले नाही. तरी देवळालीला कुणाकडे जायचे निघाले की मी ती ओळ पाहुण्यांना आधी वाचून दाखवते.

पासपोर्ट बदलला की जीव घाबरा होतो. आत्याचा पासपोर्ट मध्येच संपला, नवा आला आणि तिच्या मुलाने व्हिसा बुडाला असे धरून नव्याने पैसे भरायची तयारी केली. मी त्याला थांबवले. ईटीए जुन्या पासपोर्टावर असला तरी नव्या पासपोर्टावर आत घेतात, जुना पासपोर्ट सोबत हवा. आत्या दोन्ही पासपोर्ट एका रबरबँडात घालून आली आणि काहीही अडले नाही.

खरी पंचाईत होते ती इथे, पनवेलात. परदेशी माणूस मुक्कामाला आला की ज्याच्याकडे उतरला त्याने चोवीस तासांत पोलिसांच्या परदेशी नागरिक नोंदणीत कळवायचे. लोक याला सी फॉर्म म्हणतात. हॉटेलवाल्यांना हे ठाऊक असते. आपल्या घरात सख्खी आत्या उतरली तरी हे लागू आहे, हे घरांना ठाऊक नसते. आधी हे 1946 च्या कायद्याखाली होते, 1 सप्टेंबर 2025 पासून नवा कायदा आला. यजमानाची जबाबदारी कायम आहे. मी पहिल्यांदा विचारायला गेले तेव्हा ठाण्यातल्या हवालदारांनी मला शांतपणे सगळे समजावले. आता आत्या हातपाय धुऊन चहा घेते तोवर मी तिची माहिती भरून टाकते.

एका वर्षी बीरशेवाची मंडळी जास्त आली आणि घरात जागा पुरेना. स्टँडजवळच्या एका लॉजवर दोन खोल्या सांगून ठेवल्या. रात्री सामान घेऊन पोचले तर मालक म्हणाला, फॉरेनर ठेवत नाही, सी फॉर्मची कटकट आहे. माझा चुलत भाऊ त्याला म्हणाला, "काका, माझ्या आजोबांची गिरणी होती या गावात." मालक वाईट माणूस नव्हता, पण परदेशी पासपोर्टापुढे त्याचा इलाज नव्हता. त्या रात्री पोरे आमच्या दिवाणखान्यात सतरंजीवर झोपली. तेव्हापासून मी खोली सांगतानाच विचारते, परदेशी पासपोर्ट आहे, नोंद करता ना?

हे सगळे सांभाळून घेता येते. 2020 मध्ये झाले ते सांभाळण्यापलीकडचे होते.

त्या वर्षी मार्चमध्ये सरकारने व्हिसे स्थगित केले. आत्याचा पाच वर्षांचा व्हिसाही गोठला. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डांवरची मुभासुद्धा तेव्हा थांबवली होती. उन्हाळा, पावसाळा गेला. सप्टेंबरात बाबा अंथरुणाला खिळले. आत्या त्यांची धाकटी बहीण, आईविना वाढलेली, बाबांनीच तिला शाळेत सोडलेली. ती रोज विचारायची, उघडले का? 22 ऑक्टोबरला उघडले. मी तो आदेश संगणकावर मोठा करून दोनदा वाचला. सगळ्या ओसीआयधारकांना येता येईल. इतर परदेशी नागरिकांनाही, पर्यटन सोडून. जुने व्हिसे पुन्हा चालू, पण ई-व्हिसा, टुरिस्ट आणि मेडिकल वगळून. आत्याकडे होता तो नेमका ई-व्हिसा, आणि तोही टुरिस्ट.

बाबा नोव्हेंबरात गेले. आमच्यात त्याच दिवशी माती देतात, थांबत नाहीत. आत्याने सात दिवस अश्दोदला बसून शिवा, म्हणजे आमच्यातला शोककाळ, पाळला. विमाने मोजकी होती, विलगीकरण होते; ओसीआय असते तर ती पोचलीच असती, असे मी म्हणणार नाही. पण नात्यातलाच एक भाऊ ओसीआयवर डिसेंबरात आला आणि कबरीवर दगड ठेवून गेला. आत्याला दारच बंद होते. पाच वर्षांच्या ई-टुरिस्ट व्हिसांची मुदत पुन्हा धरली गेली ती 2022 च्या मार्चमध्ये.

त्या हिवाळ्यात ती आली तेव्हा आम्ही ओसीआयचे मनावर घेतले. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नाही. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रचार यांना वेगळी परवानगी लागते. पण येणे-जाणे जन्मभराचे, राहण्याला दिवसांची मर्यादा नाही. परदेशातून अर्ज केला तर 275 डॉलर पडतात. कुणाला ते जास्त वाटतात. नव्वद दिवस मोजत माहेरपण करणाऱ्या बाईचा जीव मी पाहिला आहे, मला ते जास्त वाटत नाहीत.

यासाठी सिद्ध करायचे होते की आत्या इथलीच. पनवेलची नगरपालिका 1852 ची, राज्यातल्या अगदी जुन्यांपैकी; 2016 पासून महानगरपालिका. जन्मनोंदीचा उतारा निघाला. वडिलांचे नाव बरोबर, तारीख बरोबर, आणि मुलाच्या नावाचा रकाना कोरा. लिंग: मुलगी. त्या काळी बारशाआधी नोंद करत आणि नाव घालायला पुन्हा कुणी फिरकत नसे. जिल्हा कुलाबा. रायगड हे नाव 1981 चे, म्हणून अर्जातला जिल्हा आणि दाखल्यावरचा जिल्हा वेगळा दिसला. मग शाळा सोडल्याचा दाखला काढला. त्यात नाव होते, तीच तारीख होती, जन्मगाव होते. आत्याने जपून ठेवलेल्या जुन्या भारतीय पासपोर्टात तेच नाव, लग्नानंतरचे आडनाव लावून. अश्दोदला गेल्यावर ते आडनाव हिब्रूत गेले आणि तिथून इंग्रजीत वेगळ्याच स्पेलिंगने परतले. हे तीन कागद एकाखाली एक ठेवून मी एक पानी खुलासा लिहिला, प्रतिज्ञापत्र जोडले. कार्ड आले.

तिच्या मुलांचा अडथळा निराळा होता. तिथे लष्करी सेवा सक्तीची आणि परदेशी लष्करात राहिलेल्यांना ओसीआयची वाट बंद. 5 जुलै 2017 ला तेल अवीवमध्ये भारतीय वंशाच्या लोकांपुढे पंतप्रधान मोदींनी जाहीर केले की सक्तीची सेवा केलेल्यांनाही कार्ड मिळेल. त्याच भाषणात त्यांनी इस्रायलमधून निघणाऱ्या आमच्या 'मायबोली' या मराठी नियतकालिकाचे नाव घेतले. आत्याने ते भाषण टीव्हीवर पाहिले होते, तिला अजून आठवते.

उलट दिशेने जायचे तर आम्हालाही कागद लागतात. आतेबहिणीच्या मुलाचे लग्न ठरले आणि लंडनच्या आतेभावाने एक लिंक पाठवली: दोन मिनिटांचे काम आहे, करून टाक. ती इस्रायलच्या ईटीएची होती. 1 जानेवारी 2025 पासून, ज्यांना व्हिसा माफ आहे अशा देशांच्या नागरिकांना तो आधी काढावा लागतो. 25 शेकेल, दोन वर्षे चालतो, एका खेपेला 90 दिवस. ब्रिटिश पासपोर्टाला तो मिळतो. माझ्या भारतीय पासपोर्टाला व्हिसाच लागतो. सख्खी आतेभावंडे, एकच मांडव, आणि त्याच्या एका क्लिकला माझी बँकेची खाती, तिकिटे, आमंत्रणपत्र, विमा. ब्रिटननेही त्याच जानेवारीपासून इस्रायलींना ईटीए लावला. तोही दोन वर्षांचा, पण पुन्हा पुन्हा येऊन तिथेच राहिल्यासारखे करायचे नाही, अशी तिथे स्पष्ट अट आहे. नातवंडे सांभाळायला लंडनला वाऱ्या करणाऱ्या आमच्या वहिनीला मी ती ओळ मराठीत लिहून दिली आहे.

ओसीआय पणतवंडापर्यंत मिळते. आत्या या मातीत नागरिक म्हणून जगली, म्हणून तिच्या पणतीला हक्क आहे. त्या पणतीच्या मुलांना तो या वाटेने मिळणार नाही. मुलगी दीड वर्षाची आहे. तिचा हिब्रू जन्मदाखला इंग्रजीत करून घेऊन त्यावर अपोस्टिल घ्यायचे काम आत्याच्या धाकट्याने अंगावर घेतले आहे. मला इकडे जन्मनोंदीची आणि शाळेच्या दाखल्याची आणखी एकेक प्रमाणित प्रत काढायची आहे. सोमवारी महापालिकेत जाते आहे.