मुलांना घेऊन जहाजाची सफर करावी का?

दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या घरात एकच विषय होता. सातवीतल्या मुलीने मैत्रिणीच्या मोबाईलवर क्रूझचा व्हिडिओ पाहिला आणि हट्ट धरला, "अम्मी, या वेळी जहाजाने गोव्याला जाऊ या." आमच्या बोदवडला नळाची वाट पाहत हंडे भरून ठेवावे लागतात. इथल्या मुलांना चोहीकडे पाणीच पाणी पाहावेसे वाटले तर नवल नाही. पण घरात पाच वर्षांचा धाकटा आहे आणि सुट्टीचे पैसे वर्षभराच्या काटकसरीचे. म्हणून आधी चौकशी केली.

मुंबई-गोवा अशी रात्रभराची 'आंग्रिया' 2018 मध्ये सुरू झाली होती. 2021 पासून कॉर्डेलियाचे 'एम्प्रेस' हे 11 मजली जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाऊ लागले. अशा सफरीचे फायदे खरेच आहेत. एकदा खोलीत सामान ठेवले की रोज हॉटेल बदलणे नाही, जेवण शोधणे नाही. मुलांसाठी खेळायची जागा असते आणि म्हाताऱ्या माणसांची धावपळ होत नाही.

मात्र जाहिरातीतला दर बहुधा एका खोलीत दोघे धरून, एका माणसाचा असतो. तिसरा-चौथा बिछाना, कर आणि बंदराचे शुल्क मिळवल्यावर आकडा वेगळाच होतो. जहाजावर कॅसिनो असतो, दारूही मिळते. मुलांना त्यापासून दूर ठेवायचे तर आई-बापांना सतत सोबत राहावे लागते. पोहण्याच्या तलावाजवळ आणि कठड्याशी लहान मुलावरून नजर हटवता येत नाही. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांच्या आतले बाळ घेत नाहीत. आणि आपल्याला मुंबई गाठायलाच रात्रीची रेल्वे.

मी हे सगळे हिशोबाच्या वहीत मांडत होते, तेव्हा दादी, म्हणजे माझ्या सासूबाई, हसल्या. त्या 1988 मध्ये सासऱ्यांबरोबर मुंबईहून जहाजाने हजला गेल्या होत्या. हजची ही जहाजे 1995 मध्ये बंद झाली. "जेद्दा गाठायला आठवडा लागला," त्या मुलीला सांगू लागल्या. "पहिले दोन दिवस नुसत्या उलट्या. लिंबाच्या लोणच्यावर काढले. तिसऱ्या दिवशी वर गेले, तेव्हा पहिल्यांदा समुद्र पाहिला. तिथे करमणुकीला काही नव्हते, म्हणून दिवसभर तोच पाहिला."

मुलीचा पुढचा प्रश्न मला विचार करायला लावणारा होता. "अम्मी, व्हिडिओत तर समुद्र दिसलाच नाही. नाच, जेवण आणि दुकानेच होती."

मग आम्ही भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी रो-रो बोट निवडली. 2020 पासून ती गाड्यांसह माणसे नेते, प्रवास साधारण तासाभराचा. वर उभे राहून मुलांनी समुद्रपक्षी पाहिले, मुंबई लहान लहान होताना पाहिली. धाकट्याने विचारले, "इतके पाणी आहे, तर आपल्या गावाला नळ का लावत नाहीत?" त्याला खाऱ्या पाण्याची गोष्ट सांगता सांगता मांडवा आला. पुढे अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी गेलो.

ज्यांना क्रूझलाच जायचे आहे, त्यांनी जरूर जावे. पण मूल आठ-दहा वर्षांचे झाल्यावर, आणि आधी एक-दोन रात्रींचीच सफर घ्यावी. डिसेंबर-जानेवारीत समुद्र शांत असतो. खोली जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर मागावी. तिथे हेलकावे कमी बसतात. मळमळीचे औषध डॉक्टरांना विचारून सोबत ठेवावे. हलाल जेवणाची सोय तिकीट काढण्याआधीच लेखी विचारावी. जहाज वळले की किब्ल्याची दिशा बदलते, म्हणून होकायंत्र जवळ असावे. सर्व खर्च मिळवून एकूण आकडा काढावा. त्यासाठी कर्ज काढावे लागत असेल तर सफर पुढे ढकलावी.

मुलीला मी शब्द दिला आहे, धाकटा दहा वर्षांचा झाला की इन्शाअल्लाह दोन रात्रींची सफर करू. त्यासाठी पैशांचा एक डबा वेगळा ठेवला आहे. दादी म्हणतात, "त्या डब्याशेजारी लिंबाच्या लोणच्याची बरणीही ठेवा."