जोडसायकल

आमच्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर एक फोटो आहे. एका लांबलचक सायकलवर दोन माणसं बसलेली आहेत, पुढे मी आणि मागे भाईजान. मागे समुद्र आहे. शिकवणीला येणारी मुलं हमखास विचारतात, "सर, ये कैसी सायकल है? दो हँडलवाली?" मी त्यांना सायकलीबद्दल सांगतो. प्रवासाबद्दलही थोडंफार सांगतो. पण त्या प्रवासात जे घडलं ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ते आज लिहितो आहे, आणि भाईजानना विचारूनच लिहितो आहे.

भाईजान म्हणजे माझे मामेभाऊ. माझ्याहून चार वर्षांनी मोठे. सोलापुरात आमची आणि मामूंची घरं एकाच गल्लीत. मामू चादरीच्या मागावर कामाला, अब्बा एका दुकानात हिशेबनीस. मला सायकल शिकवली ती भाईजाननीच. तासाच्या भाड्याने सायकल आणायची, मी वर बसायचं आणि त्यांनी मागून सीट धरून पळायचं. "पीछे मत देख, मैं हूँ," असं ते ओरडत. मी मागे पाहिलं की पडायचो. न पाहता गेलो त्या दिवशी मला सायकल आली.

त्याच काळात एक गोष्ट घडत होती, पण ती कोणाच्या ध्यानात आली नाही. संध्याकाळ झाली की भाईजान अडखळायचे. मगरिबच्या नमाजनंतर मशिदीतून बाहेर पडताना ते माझा खांदा धरायचे. एकदा अंधारात उघड्या गटारात पडले, तेव्हा मामूंनी "चलते वक्त ध्यान किधर रहता है?" म्हणून त्यांनाच मारलं. मुमानी गाजर, पालक, माशाचं तेल असं काय काय देत राहिल्या. कोणी सुरमा सांगितला, कोणी दर्ग्याचं पाणी. शेवटी सतराव्या वर्षी एका मोठ्या डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घालून पाहिलं आणि आजाराचं नाव सांगितलं - रेटिनायटिस पिग्मेंटोसा. डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू निकामी होतो. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग बाजूचं दिसेनासं होतं, नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं उरतं, आणि पुष्कळांचं तेही जातं. जगात साधारण चार हजारांत एकाला हा आजार असतो.

डॉक्टरांनी त्या दिवशी मामूंना एकच प्रश्न विचारला होता, "तुम्ही नवराबायको नात्यातले का?" मामू-मुमानी सख्खे चुलत भाऊबहीण. मामूंनी मान हलवली आणि घरी येऊन हा प्रश्न कोणालाही सांगितला नाही. भाईजान शेजारीच बसले होते, त्यांनी तो ऐकला होता.

पुढे भाईजान ब्रेल शिकले, बी. ए. झाले आणि पुण्यात एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. तिशीपर्यंत त्यांची नजर पूर्ण गेली. मी बी. एड. करून उर्दू शाळेत गणित शिकवू लागलो. 2013 साली माझा निकाह झाला, भाईजानच्याच धाकट्या बहिणीशी. घरातली मुलगी घरात आली म्हणून सगळे खूश होते. त्या वेळी भाईजान मला म्हणाले होते, "एकदा डॉक्टरला विचारून घे." मी हसून टाळलं. ते दुसऱ्यांदा बोलले नाहीत. त्यांची बहीण होती, ते तरी किती बोलणार?

पुण्यात अंध आणि डोळस यांनी मिळून जोडसायकल चालवण्याचे उपक्रम होत असतात. अशाच एका मंडळींकडून 2022 च्या दिवाळीच्या सुट्टीत भाईजाननी आठवड्यासाठी सायकल मिळवली आणि मला फोन केला, "अलिबागहून रत्नागिरीपर्यंत समुद्राच्या कडेने जायचं. पुढे तू, मागे मी." अडीचशे किलोमीटरच्या वर अंतर आणि सोलापूरच्या सपाट रस्त्यावर वाढलेला मी! पण नाही म्हणवलं नाही.

या सायकलीला इंग्रजीत टँडम म्हणतात. पुढच्याला म्हणतात कॅप्टन, कारण हँडल, ब्रेक, गियर सगळं त्याच्या हातात. मागच्याला म्हणतात स्टोकर, म्हणजे आगगाडीच्या इंजिनात कोळसा टाकणारा. मागचं हँडल फक्त धरण्यापुरतं, ते वळत नाही. दोघांची पायडलं एका साखळीने एकमेकांना जोडलेली असतात. एकाने पाय थांबवला तर दुसऱ्याचाही थांबतो. म्हणून पुढच्याने सतत बोलत राहावं लागतं. खड्डा आला, गतिरोधक आला, गियर बदलतोय, उतार आहे, थांबतोय. पुण्यात दोन दिवस आम्ही सराव केला. पहिल्या दिवशी मी न सांगता ब्रेक मारला आणि भाईजानचं हेल्मेट माझ्या पाठीवर आदळलं. म्हणाले, "मास्तर, वर्गात बडबड करतोस तेवढी इथे कर."

टेम्पोतून सायकल अलिबागला नेली आणि सकाळी निघालो. रेवदंड्याचा पूल, काशीद, मुरूड. पहिला दिवस मजेचा गेला. चढावर दोघांचा दम निघायचा, उतारावर दोघांचं वजन अशा वेगाने ओढायचं की ब्रेक धरून हाताला मुंग्या यायच्या. भाईजान मागून सांगायचे, "डावीकडे सुरूची झाडं आहेत ना? वाऱ्याचा आवाज बदलला." मी पाहायचो तर खरंच असायची. राजपुरीच्या बाजूला पाण्यात जंजिरा दिसला. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी तो किल्ला पिढ्यान्‌पिढ्या राखला, 1948 साली ते संस्थान भारतात विलीन झालं. मी हे सांगत होतो तर भाईजान म्हणाले, "इतिहास मला पाठ आहे. भिंत कशी दिसते ते सांग." मला सांगता येईना. रोज फळ्यावर आकृत्या काढणारा मी, पण एक भिंत शब्दांत उभी करता आली नाही. कसंबसं म्हटलं, "पाण्यातूनच उगवल्यासारखी आहे." "हौ, अब दिखी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून जेटीने खाडी ओलांडून दिघीला उतरलो. दिवेआगरच्या वाटेवर निसर्ग चक्रीवादळाच्या खुणा अजून दिसत होत्या. 3 जून 2020 च्या त्या वादळाने त्या पट्ट्यातल्या सुपारीच्या बागा आडव्या केल्या होत्या. मध्येमध्ये मोकळं आभाळ आणि त्यात नव्याने लावलेली रोपं. थांबतथांबत गेल्यामुळे उशीर झाला. श्रीवर्धन अजून पुढे होतं आणि सूर्य समुद्राला टेकला होता.

उतार लागला. मागून भाईजानचा आवाज आला, "अंधार पडायला लागला का?"

"थोडासा."

"मुन्नीला अंधारात नीट दिसतं का रे?"

माझी लेक तेव्हा सात वर्षांची होती. गेल्या काही महिन्यांपासून संध्याकाळी अंगणात खेळताना ती ठेचकाळायची. वीज गेली की जागची हलायची नाही. मी हे पाहिलं होतं. तिच्या आईनेही पाहिलं होतं. आम्ही दोघंही एकमेकांशी त्याबद्दल बोललो नव्हतो. मुलं घाबरतात अंधाराला, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मी उत्तर दिलं नाही. समोर खड्डा होता, तोही मी सांगितला नाही. खरं तर तो मला दिसलाच नाही. पुढचं चाक त्यात गेलं आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला गवतात पडलो. माझा गुडघा सोलवटला. भाईजानच्या कोपरातून रक्त येत होतं. ते उठून बसले, हाताने चाचपून आधी सायकल पाहिली, मग मला. म्हणाले, "पुढे बसलेल्याने गप्प राहायचं नसतं. मागच्याला फक्त तुझंच ऐकू येतं."

त्या रात्री श्रीवर्धनला मुक्काम केला. जखमांवर हळद लावून खोलीत बसलो तेव्हा ते मूळ विषयावर आले. माझ्या धाकट्या बहिणीचा रिश्ता मामूंच्या धाकट्या मुलासाठी, म्हणजे भाईजानच्याच सख्ख्या भावासाठी ठरत होता. अम्मी आणि मामू, दोघांचीही ती जुनी इच्छा. "हे तू थांबव," भाईजान म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्याच भावाचा रिश्ता मोडायला मला सांगता? मामूंना वाटेल, आपल्या घरात खोट काढली. आणि मी कुठल्या तोंडाने बोलू? माझाच निकाह असा झालेला."

"म्हणूनच तू बोल," ते म्हणाले. "मी बोललो तर म्हणतील, आंधळा आहे, नशिबाला दोष देतो. कोणी म्हणालं की शरियतमध्ये हे जायज आहे, तर सांग, जायज आहे, फर्ज नाही. आणि खोट आहे असं सांगू नकोस. मी आहे, एवढं सांग."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्याकडे काय, आणि शेजारच्या हिंदू घरांत काय, मामाची मुलगी ही हक्काची मानली जाते. जमीन, जिव्हाळा, खर्च, सगळं घरातच राहतं. त्याबरोबर आजारही घरात राहतो, हे कोणी हिशेबात धरत नाही. नात्यात लग्न केलेल्या पुष्कळांची मुलं धडधाकट असतात, हेही खरं. पण ज्या घराने एकदा पाहिलं आहे त्या घराने तरी डोळे मिटू नयेत.

पुढचे दिवस आम्ही बोललो कमी, पण खड्डा एकही चुकला नाही. बागमांडल्याहून जेटीने वेश्वीला गेलो, केळशीला याकूब बाबांच्या दर्ग्यात फातेहा पढलो. शिवाजी महाराज या बाबांना मानत, असं तिथे आजही आदराने सांगतात. दापोलीचा चढ आम्ही सायकल ढकलत चढलो. दाभोळला खाडीकाठच्या आदिलशाही मशिदीत जोहरची नमाज पढलो, मुसाफिर म्हणून कसर, चारऐवजी दोन रकात. नमाजनंतर भाईजान भिंतीवरून हात फिरवत मशिदीभोवती हिंडले. दगड कुठे गार आहे, कुठे ऊन लागून तापला आहे, ते मला सांगत होते. मला हजरत अब्दुल्ला इब्न उम्मे मक्तूम आठवले. नजर नसलेले सहाबी, हजरत बिलाल यांच्याबरोबर मदिनेत अजान देण्याचा मान त्यांना होता. आपण मात्र अंध माणसाला हात धरून सफमध्ये उभं करतो आणि आपलं कर्तव्य संपलं समजतो.

दाभोळहून धोपावे, गुहागर, मग तवसाळहून जयगड, अशी शेवटची खाडी ओलांडली आणि सहाव्या दिवशी रत्नागिरीला पोचलो. फोटो आहे तो त्याच दिवशीचा.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात मुन्नीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. बायको वाटेत एक शब्द बोलली नाही, लेकीचा हात मात्र सोडला नाही. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून तपासलं, काही चाचण्या केल्या. पडदा ठीक होता. तिला दूरचं कमी दिसत होतं, चष्मा लागला. दरवर्षी दाखवत राहा, असं त्यांनी बजावलं. मग मी त्यांना घराण्याची सगळी नाती सांगितली आणि त्यांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. भाईजानला आजार आहे, म्हणजे मामू आणि मुमानी दोघांतही तो दोष दडलेला धरायचा. त्यांच्या निरोगी मुलात तो दडून असण्याची शक्यता तीनात दोन. अम्मी मामूंची सख्खी बहीण, तिच्यात दोनात एक, तिच्या मुलांत चारात एक. नवराबायको दोघांत असेल तर प्रत्येक मुलामागे चारात एक. सगळ्याचा गुणाकार चोविसात एक.

अपूर्णांकाला आम्ही उर्दू शाळेत कसर म्हणतो. सहावीच्या मुलांना मी वर्षानुवर्षं हेच गुणाकार शिकवत आलो. स्वतःच्या घराचा हिशेब मात्र कधी मांडला नव्हता.

तो कागद घेऊन मी अम्मी आणि मामूंसमोर बसलो. भाईजानही पुण्याहून आले होते. मी सगळं सांगितलं. अम्मी म्हणाली, "खुदा पर भरोसा नहीं क्या तेरेकू?" मी म्हटलं, "भरोसा आहे. पण रस्त्यात खड्डा दिसल्यावर ओरडणं हे भरोशाविरुद्ध नाही." मामू खूप वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि विचारलं, "उस दिन डॉक्टर बोला सो तू सुना था?" भाईजान म्हणाले, "हौ." मामू उठून बाहेर गेले.

तो रिश्ता झाला नाही. मामू वर्षभर आमच्या घरी आले नाहीत. ईदलाही शिरखुर्मा मुलाच्या हाती पाठवला. नंतर माझ्या बहिणीचा निकाह बार्शीच्या एका घरात ठरला, आमच्याशी काही नातं नसलेल्या. त्या दिवशी मामू आले, पहिल्या रांगेत बसले. निकाह झाल्यावर माझ्याजवळ येऊन त्यांनी फक्त एवढं विचारलं, "मुन्नीचा चष्मा बदलला का?"

मुन्नीला दरवर्षी नोव्हेंबरमध्ये आम्ही तपासायला नेतो. निकाल हाती येईपर्यंत त्या दिवशी घरात कोणी नीट जेवत नाही. मग मी भाईजानना फोन करतो. ते पहिल्या घंटीलाच उचलतात.