शिकारी रायफलचा दस्ता : बेतणी, बैठक आणि जोडसाहित्य

रायफलची नळी, तिच्या आतील पीळदार खाचा, बोल्ट आणि चाप हे सारे भाग काडतुसाच्या मापाने घडतात. दस्ता मात्र माणसाच्या मापाने घडवावा लागतो, आणि या एका फरकामुळे इंग्लंड, मध्य युरोप व अमेरिका येथे केवळ दस्ते घडवणाऱ्या कारागिरांची एक स्वतंत्र, काहीशी हट्टी परंपरा निर्माण झाली. बोल्टच्या शिकारी रायफलीत खांद्याला टेकणारा मागचा भाग, हाताची मूठ, पोलादी यंत्रणा म्हणजे अ‍ॅक्शन जिथे बसते तो कोरलेला गाळा आणि नळीखालची पन्हळ हे सगळे बहुधा एकाच लाकडातून काढलेले असते. नेम धरताना शिकाऱ्याचा खांदा, गाल आणि दोन्ही हात या लाकडालाच टेकतात, त्यामुळे त्याचा डोळा कुठे येणार हेही तेच ठरवते. दस्त्यावर नंतर जे जे जोडले जाते, ते या मूळ बेतणीला पूरक तरी ठरते किंवा तिच्यातील उणीव झाकण्यासाठी तरी आलेले असते, आणि बाजारात मिळणाऱ्या जोडसाहित्यापैकी बरेचसे दुसऱ्या प्रकारचे आहे हे नमूद करणे भाग आहे.

बेतणीतील पहिले माप म्हणजे चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर. अमेरिकन कारखान्यांतून येणाऱ्या रायफलींत ते साधारणपणे १३.५ इंच, म्हणजे सुमारे ३४ सेंटिमीटर असते. हे माप कोणा एकाचे नसल्यामुळे ते उंच माणसाला आखूड आणि लहान चणीच्या माणसाला लांब पडते. दस्ता लांब असला तर तो खांद्यावर घेताना कोटात अडकतो, आखूड असला तर मुठीवरचा अंगठा नाकाशी येतो आणि धक्क्याबरोबर दुर्बिणीची कड भुवईवर आदळते. यात कपड्यांचाही हिशेब धरावा लागतो, कारण अलास्कातील किंवा स्कॉटलंडच्या डोंगरातील शिकारी जाड कोट घालतो आणि त्या कोटाची जाडी दस्त्याच्या लांबीत भर घालते. दुसरे माप कोनाचे आहे : दस्त्याच्या मागच्या पृष्ठभागाचे वरचे टोक म्हणजे टाच आणि खालचे टोक म्हणजे चवडा, ही दोन्ही खांद्याला एकाच वेळी टेकली पाहिजेत, नाहीतर सगळा धक्का चवड्याच्या टोकातून छातीत शिरतो. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्यासाठी इंग्रज कारागीर मागचा भाग किंचित उजवीकडे झुकवतात, डावखुऱ्यासाठी डावीकडे. कारखान्याच्या बोल्ट-रायफलीत असा झुकाव बहुधा नसतो.

या सर्वांहून महत्त्वाची आहे ती गाल टेकण्याची वरची कड, आणि तिचा इतिहास दुर्बिणीशी बांधलेला आहे. उघडी माशी आणि मागची खाच यांवरून नेम धरण्याच्या काळात दृष्टिरेषा नळीच्या अगदी जवळ असे, म्हणून कड खाली ठेवली जाई. दुर्बीण बसवली की तिचा अक्ष नळीच्या अक्षापासून साधारण दीड इंच वर जातो आणि जुन्या दस्त्यावर गाल टेकवला तर डोळा दुर्बिणीच्या खालीच राहतो. शिकारी मग गाल उचलून हनुवटी टेकवतो, डोके अधांतरी राहते आणि धक्का जबड्यावर बसतो. यावर अमेरिकेत दोन उत्तरे निघाली. रॉय वेदरबी यांनी १९४५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या कंपनीने मॉन्टे कार्लो नावाची उंचावलेली कड लोकप्रिय केली. ही कड पुढच्या बाजूला उतरती असल्यामुळे रायफल धक्क्याने मागे आली की ती गालापासून खाली सरकते. दुसरे उत्तर सरळ आणि साध्या कडेचे, जिचा पुरस्कार जॅक ओ'कॉनर या शिकारविषयक लेखकाने आयुष्यभर केला आणि वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथील कारागीर अल बीसेन यांनी त्याच्या .२७० रायफलींवर ती घडवून दाखवली. सरळ कडेत धक्का सरळ मागे खांद्यात जातो आणि नळीची उसळी कमी होते, त्यामुळे मध्यम शक्तीच्या काडतुसांसाठी तीच अधिक समंजस रचना म्हणावी लागते. वेदरबीची चकचकीत, पांढऱ्या पट्ट्यांनी नटवलेली शैली डोळ्यांत भरते हे मान्य करूनही.

नवा दस्ता घडवणे परवडत नसेल तर कडेवर चामड्याची किंवा कृत्रिम रबराची गादी पट्ट्याने आवळतात. उपाय स्वस्त आहे आणि चालतोही, पण गादी पुढे सरकवून बसवली तर बोल्ट पूर्ण मागे येताना तिच्यावर अडकतो आणि नळी साफ करण्यासाठी बोल्ट काढताच येत नाही, ही गोष्ट विकत घेणाऱ्याच्या लक्षात बहुधा घरी आल्यावर येते. स्क्रूने वरखाली होणारी कड हा याहून चांगला मार्ग असून तो मुळात नेमबाजीच्या खेळातून शिकारी रायफलीत आला. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची रायफल व्यवहारातून जवळजवळ गेली, पण दस्त्याच्या बेतणीचे शास्त्र नेमबाजीत टिकले आहे : कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले त्या ५० मीटर तीन-स्थिती प्रकारात गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने असे तीन वेळा शरीर बदलते, आणि शरीर बदलले की गालाचा व खांद्याचा आधारही नव्याने जुळवावा लागतो.

बेतणी कितीही नेमकी असली तरी पोलाद लाकडात नीट बसले नसेल तर गोळी दरवेळी वेगळ्या जागी लागते. गोळी सुटताना नळी कंप पावते, आणि तो कंप दरवेळी सारखाच होण्यासाठी अ‍ॅक्शन दस्त्यात दरवेळी एकाच जागी, कोणताही ताण न येता, टेकली पाहिजे. जुने कारागीर पोलादी भागांना दिव्याची काजळी फासून ते गाळ्यात दाबत आणि लाकडावर जिथे काळा डाग उठे तेवढेच पटाशीने खरवडत; दोन्ही पृष्ठभाग सर्वत्र भिडेपर्यंत हे चाले. हल्ली गाळ्यात काचतंतू मिसळलेले इपॉक्सी भरून अ‍ॅक्शन त्यात बसवतात, म्हणजे पोलादाचा हुबेहूब साचाच तयार होतो. अ‍ॅक्शनला आधी मेणासारख्या न चिकटणाऱ्या द्रव्याचा थर द्यावा लागतो, नाहीतर ती दस्त्यात कायमची चिकटते. अ‍ॅक्शनच्या तळाशी धक्का झेलणारा एक पोलादी ठोकळा असतो. त्याची मागची बाजू इपॉक्सीला घट्ट भिडवून पुढे, बाजूंना व खाली किंचित मोकळी जागा ठेवायची असते, म्हणून साचा भरण्यापूर्वी त्या बाजूंना चिकटपट्टी लावतात. दस्ता आवळणाऱ्या स्क्रूंभोवती अ‍ॅल्युमिनियमच्या नळकांड्या बसवल्या की लाकूड दबत नाही आणि स्क्रूचा ताण कायम राहतो. नळी मात्र पन्हळीला कुठेही न शिवता मोकळी ठेवण्याकडे कल आहे. कागदाचा तुकडा नळीखालून अ‍ॅक्शनपर्यंत न अडकता सरकला की काम झाले असे मानतात. बारीक नळीच्या काही जुन्या रायफली याला अपवाद असून पन्हळीच्या टोकाशी थोडा वरचा दाब ठेवल्यावरच त्या नीट चालतात, म्हणून लाकूड आधीच खरवडून टाकणे शहाणपणाचे नाही.

ही सगळी दक्षता लाकडाच्या स्वभावामुळे घ्यावी लागते. दस्त्यासाठी शतकानुशतके अक्रोडाला पसंती मिळाली ती वजन, ताकद आणि कोरण्याचा सुबकपणा यांमुळे. इंग्लिश, फ्रेंच आणि तुर्की अक्रोड या एकाच जातीच्या झाडांची प्रदेशपरत्वे नावे आहेत, अमेरिकन काळा अक्रोड ही जात वेगळी. मुठीच्या ठिकाणी लाकूड सर्वात बारीक होते, म्हणून तिथे रेषा मुठीच्या दिशेने वाहिल्या पाहिजेत. नक्षीदार लाकडाच्या मोहात आडव्या रेषांचा तुकडा घेतला तर जोरकस काडतुसाने दस्ता तिथेच फुटतो. लाकूड पावसात फुगते आणि उन्हात आटते, तेही आडव्या दिशेने अधिक. ऑस्ट्रियात श्टायर येथे बनलेल्या मानलिखर-शोनाउअर रायफलींचा दस्ता नळीच्या तोंडापर्यंत जातो; तो देखणा खरा, पण ओल्या जंगलात असे लांब लाकूड नळीला ढकलते आणि नेम सरकतो. जवसाच्या तेलाने दस्त्याला सुरेख झळाळी येते, पण पाणी पूर्ण अडवले जात नाही, आणि रबरी गादीखालचा उघडा छेद तसाच ठेवला तर ओल तिथूनच सर्वाधिक शिरते. जर्मन लष्कराने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पातळ थर चिकटवलेले लाकूड वापरायला सुरुवात केली ती काही अंशी याच कारणाने, आणि पुढे काचतंतूंचे दस्ते आल्यावर हवामानाचा प्रश्न बराचसा मिटला.

जोडसाहित्य दस्त्यात सामावण्याची चाल जुनीच आहे. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी मेपलच्या दस्त्यात पितळी झाकणाचा कप्पा कोरला, ज्यात गोळीभोवती गुंडाळायच्या चिंध्या राहत. लंडनच्या रायफलींत मुठीच्या टोकाशी छोटी डबी असे आणि तिच्यात माशीचे जादा मणी ठेवत. जिम कॉर्बेट यांना चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल भेट मिळालेल्या .२७५ रिग्बी रायफलच्या दस्त्यात तर त्या प्रसंगाचा लेख कोरलेली चांदीची पट्टी आहे, जिचा नेमाशी काही संबंध नसला तरी बसवण्याचे कौशल्य तेच लागले.

आज सर्वाधिक लावले जाणारे जोडसाहित्य म्हणजे धक्का शोषणारी रबरी गादी, आणि ती लावण्यापूर्वी तिच्या जाडीइतके लाकूड कापावे लागते, नाहीतर बेतणीतील पहिलेच माप बिघडते. खांद्यावरच्या पट्ट्याची पुढची कडी इंग्रजी रायफलींत नळीवर असते, म्हणजे जोरदार धक्क्यात ती डाव्या हाताला ओरबाडत नाही. अमेरिकन रायफलीत ती पन्हळीखाली असते. पट्टा कोपराभोवती आवळून नेम धरणाऱ्याने, किंवा त्याच कडीला दोन पायांचा आधार लावणाऱ्याने, पन्हळ पुरेशी ताठ आहे ना हे पाहावे, कारण स्वस्त प्लॅस्टिकची पन्हळ त्या ताणाने वाकून मोकळ्या ठेवलेल्या नळीला शिवते आणि बैठकीचे सगळे श्रम वाया जातात. दस्त्यावर काडतुसे खोचण्याची चामडी पट्टी उजव्या हाताच्या शिकाऱ्याने उजव्या बाजूस बांधावी, गालाच्या बाजूस नव्हे, आणि पावसानंतर ती काढून ठेवावी, कारण ओले चामडे लाकडाचे पॉलिश खाते. यांपैकी काहीही बसवले तरी लक्ष्यावर पुन्हा गोळ्या मारून दुर्बीण जुळवावी लागते, आणि हे काम दस्त्याचे स्क्रू ठरलेल्या ताणावर आवळून झाल्यावरच हाती घ्यायचे असते.