खोलीचा आवाज

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, २००४ साली, आम्हाला दहा मिनिटांचा माहितीपट करायचा होता. चौघांचा गट होता. तिघं दादर, मुलुंड आणि डोंबिवलीची, मी गोवंडीची. विषयावर फार चर्चा झालीच नाही. "तुझ्याकडेच करू ना, तिथं सगळं आहे," एक मैत्रीण म्हणाली.

'सगळं' म्हणजे काय ते मला कळलं होतं. देवनारच्या डम्पिंगवर १९२७ पासून या शहराचा कचरा पडतो. १९७१ पासून कत्तलखानाही आमच्याच शेजारी. पुढे २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात आमचा एम-पूर्व वॉर्ड शहरात सर्वांत तळाला दिसला, पण ते आकडे छापून येण्याआधीच सगळ्यांना ठाऊक असल्यासारखे होते. गोवंडीत कॅमेरा घेऊन येणारा माणूस आधी कचऱ्याचा डोंगर टिपतो, मग त्यावर फिरणाऱ्या घारी, मग गटाराशेजारी खेळणारं पोर. आमच्या गटानंही पहिल्या दिवशी तेच केलं. मी त्यांना रस्ता दाखवत होते आणि कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून मान खाली घालून चालत होते.

अब्बा बार्शीहून आलेले. शिवाजीनगरच्या दहा बाय पंधराच्या खोलीत आम्ही सहा भावंडं वाढलो. घरात दखनी, शाळेत मराठी. महापालिकेच्या मराठी शाळेत गेलेली आमच्या गल्लीतली मी एकटीच मुलगी नव्हते, पण कॉलेजात पोचलेली एकटीच होते. अम्मीला सिनेमाचा अभ्यास म्हणजे काय ते शेवटपर्यंत समजलं नाही. "इम्तहान में फिल्म बनाते?" असं ती प्रत्येक पाहुण्याला विचारायची.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून म्हणाले, कचरा पुरे झाला, आपण घरात बसून काम करणाऱ्या बायकांवर करू. आमच्या गल्लीत घरोघरी कपड्यांवर मोती आणि टिकल्या लावायचं काम चालायचं. नगावर पैसे. सगळ्यांनी मान्य केलं. कॅमेरा एकाकडे, दिग्दर्शन दुसरीकडे, संकलन तिसरीकडे गेलं. आवाज माझ्याकडे आला, कारण, त्यांच्या शब्दांत, "तुला तिथली भाषा कळते."

मला वाईट वाटलं होतं. आवाज म्हणजे हमाली, असा आमचा समज. बांबूच्या काठीला मायक्रोफोन चिकटपट्टीनं बांधायचा, वायर कॅमेऱ्याला जोडायची, कानाला हेडफोन लावायचा आणि काठी फ्रेममध्ये येऊ न देता हात दुखेपर्यंत धरून उभं राहायचं. पण हेडफोन कानाला लावला आणि ज्या गल्लीत मी जन्मले ती गल्ली मी पहिल्यांदा ऐकली. पंखा केवढा गरजतो. पलीकडच्या घरातला मिक्सर भिंतीतून येतो. तीन मशिदींची अजान एकाच वेळी होत नाही, एकीमागून एक येते. त्या तिन्हींच्या खालून हार्बर लाइनची गाडी जाते.

पंखा बंद करायला सांगणं हे माझं पहिलं काम ठरलं. एवढ्या उकाड्यात, पत्र्याच्या छपराखाली, तान्ह्या मुलाच्या आईला पंखा बंद करायला सांगायचं म्हणजे तोंड लागतं. "चाची, बस पांच मिनट," असं म्हणत मी घरोघरी टीव्ही बंद करायला विनवत फिरले. कॉलेजात शिकवलं नव्हतं ते मी तिथं शिकले: मागायचं कसं, आणि पाच मिनिटं म्हटलं की सहाव्या मिनिटाला स्वतः जाऊन पंखा लावायचा कसा.

आमच्या सरांनी एक गोष्ट मात्र बजावली होती. प्रत्येक खोलीची स्वतःची शांतता असते. मुलाखत संपली की कुणीही न बोलता मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड करायची. संकलनात बोलणं कापलं की मध्ये भोक पडतं, ते त्या खोलीच्याच शांततेनं भरावं लागतं. दुसऱ्या खोलीची शांतता तिथं चालत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक खाला राहायच्या, लातूरकडच्या. त्यांची मुलाखत सगळ्यांत चांगली झाली. मग मुलं चहाला खाली गेली आणि मी शांतता रेकॉर्ड करायला मागे थांबले. कॅमेऱ्याच्या तोंडावर टोपी होती, त्यामुळे खालांना तो बंद वाटला असणार. त्या माझ्यासाठी चहा घेऊन आल्या, शेजारी बसल्या आणि हळू आवाजात बोलायला लागल्या. नवऱ्याबद्दल होतं, एवढंच सांगते. चार मिनिटं बोलल्या. टेप चालू होती. मला ठाऊक होतं. माझा हात बटणापासून वीतभर अंतरावर होता आणि मी तो हलवला नाही.

संकलनाच्या वेळी टेप संगणकात उतरवताना ती पूर्ण चालवावी लागे, तासाच्या टेपला तास. काळ्या पडद्यावर खालांचा आवाज आला आणि आमच्या गटातलं कुणी हललं नाही. दिग्दर्शन करणारी मैत्रीण म्हणाली, "हीच आपली फिल्म आहे. चेहरा नको, नाव नको, नुसता आवाज." मी म्हणाले, खालांना विचारलं नाही. ती म्हणाली, "हे बाहेर यायला हवं. तुमच्याच समाजासाठी."

ते 'तुमच्याच' मला टोचलं. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्या गोष्टी बंद दारामागे राहतात त्या तशाच चालू राहतात, हे मला तिच्याहून जास्त माहीत होतं. रात्रभर मी हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी काढलेल्या मोर्चाचा विचार करत होते. सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत सचिवालयावर चालत गेल्या होत्या. त्यांनी बोलायला हवं होतं आणि त्या बोलल्या, म्हणून आज आपण त्यांचं नाव काढतो. मग पहाटे केव्हातरी मला साधी गोष्ट सुचली. त्या सातजणी आपल्या पायांनी चालत गेल्या होत्या. कुणी त्यांना झोपेत उचलून नेलं नव्हतं.

राहिलेल्या दृश्यांसाठी कॉलेजचा कॅमेरा आणखी एक दिवस मिळाला होता. मी टेप घेऊन खालांकडे गेले. "खाला, ये सुन लेव," म्हणाले. त्यांनी ओढणीवरूनच हेडफोन लावला. चारही मिनिटं ऐकलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकले नाही. शेवटी त्यांनी हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"ये मैं तेरे को बोली थी. मशीन को नई बोली."

मुलीचं लग्न ठरत होतं, तेही कारण होतं. पण त्यांनी ते नंतर सांगितलं. आधी हे वाक्य सांगितलं.

मी टेप मागे नेली आणि त्याच जागेवर पुन्हा रेकॉर्डिंग लावलं. पुसायचा तोच एक मार्ग होता. खालांनी अर्धवट राहिलेला कपडा पुढ्यात ओढला आणि काम करत बसल्या. चार मिनिटं आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. ज्या शांततेसाठी मी त्या दिवशी थांबले होते ती आता रेकॉर्ड झाली.

दुसऱ्या दिवशी संगणकावरची फाइलही काढून टाकली. मैत्रीण पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. सरांनी फिल्म पाहून सांगितलं, "चांगली आहे, पण मध्ये काहीतरी निसटलंय." आम्ही चौघांनीही काही सांगितलं नाही. यासाठी मी त्या तिघांची आजही ऋणी आहे.

त्या फिल्ममुळे माझं मराठीही सुधारलं. मुलाखतीत खाला म्हणाल्या होत्या, "आंखां में से पानी आता, पन हात नई रुकता." पडद्याखाली द्यायच्या ओळीत मैत्रिणीनं लिहिलं, 'डोळ्यांतून अश्रू वाहतात.' मी म्हणाले, अश्रू नाहीत गं, बारीक कामानं डोळ्यांना पाणी सुटतं. आम्ही लिहिलं, 'डोळ्याला पाणी येतं, पण हात थांबत नाही.' रडणं शोधायला आलेल्याला सगळीकडे अश्रूच दिसतात. घरची भाषा वर आणि शाळेची भाषा तिच्या खाली, अशा दोन्ही एकाच पडद्यावर मी पहिल्यांदा पाहिल्या. दोघींपैकी कुणालाही कमीपणा आला नव्हता.

नंतर मी 'नाता' हा माहितीपट पाहिला. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी तो २००३ साली केला. दोघंही तेव्हा टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये होते. ही संस्था १९५४ पासून देवनारला, आमच्या इतक्या जवळ, पण आम्हाला तिची फक्त भिंत माहीत होती. दंगलीनंतर धारावीत सलोख्याचं काम करणाऱ्या भाऊ कोरडे आणि वकार खान यांची ती गोष्ट. पण त्यात फिल्म करणारेही स्वतःला प्रश्न विचारतात: आपण कोण, कुठून बघतोय? मला वाटलं, हाच प्रश्न मी त्या खोलीत हेडफोन लावून चुकवला होता.

आता प्रत्येक पोराच्या खिशात कॅमेरा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये कला महोत्सव झाला. तिथल्याच मुलामुलींनी फोटो, फिल्म, रॅप, नाटक शिकून आपली वस्ती आपणच मांडली. ते ऐकून मला आनंद झाला. तरी मनात येतं, टेप नसलेल्या या दिवसांत पुसायचं कसं? एकदा पुढे पाठवलेलं परत कोण आणणार?

खाला त्यानंतर काही महिन्यांनी गेल्या. ती गोष्ट त्यांनी पुढे कुणाला सांगितली का, मला माहीत नाही. न सांगण्यानं कुणाचं भलं झालं, कुणाचं वाईट, याचा हिशेब मला आजही लागत नाही.

चाळिसाव्यानंतर त्यांची मुलगी माझ्याकडे आली. फोनमध्ये आईचे फोटो होते, पण आवाज नव्हता. "तू ती फिल्म केली होतीस ना? अम्मीचा आवाज आहे का तुझ्याकडे?"

फिल्ममध्ये खाला चाळीस सेकंद बोलतात. तेवढे मी तिला दिले. क्षणभर त्या पुसलेल्या चार मिनिटांची आठवण झाली. मग कपाटातून ती टेप काढली, दुकानातून पेन ड्राइव्हवर उतरवून आणली आणि तिच्या कानाला हेडफोन लावला. पडदा काळाच होता. लांबून गाडी गेली. बांगड्या वाजल्या. ताणलेल्या कापडातून सुई आरपार जाताना होतो तो टक् असा आवाज आला, मग पुन्हा आला.

"अम्मीच आहे," ती म्हणाली, आणि चारही मिनिटं ऐकत राहिली.