बांडगूळ आणि टारफुला

अर्नाळ्याच्या आमच्या वाडींत विहिरीपलीकडे एक रायवळ आंबा आहे. गेल्या पौषांत त्याच्या दोन फांद्यांवर बांडगूळ चांगलेंच माजलें होतें. नळीसारखीं नारिंगी फुलें, आणि त्यांवर दिवसभर चिवचिवणारा इवलासा फुलटोच्या! त्याचें फळ खाऊन चिकट बीं दुसऱ्या फांदीला पुसून ठेवणारा हाच पक्षी. पण आम्ही कित्येक वर्षें हें सारें कौतुकानेंच पाहत होतों, हें आरंभींच कबूल करतों.

त्या सुमारास आमच्या कुटुंबाचे धाकटे बंधु माणदेशांतून आमच्याकडे आलेले होते. लागोपाठ दोन हंगाम त्यांची ज्वारी बुडाली होती. दसऱ्याला आठ दिवसांसाठीं म्हणून आलेले गृहस्थ पौष आला तरी हलेनात, तेव्हां एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर आमच्या तोंडून शब्द निघून गेले, "एक बांडगूळ वाडींत, दुसरें ओटीवर." बहिणीच्या घरीं राहणाऱ्या भावाचे कान किती तिखट असतात, हें आमच्या ध्यानीं आलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते कोयता घेऊन आंब्याखालीं उभे. "भावोजी," ते शांतपणें म्हणाले, "बांडगूळ निदान दिसतें तरी. आमच्या रानांत टारफुला आहे. तो दिसतो तेव्हां लूट होऊन गेलेली असते."

झाडावर चढण्यापूर्वीं त्यांनीं जें सांगितलें तें आम्ही पुढें पुस्तकांशीं ताडून पाहिलें; एक अक्षर खोटें निघालें नाहीं. टारफुल्याचें बीज धुळीच्या कणाएवढें. एका रोपाला असलीं हजारों, आणि तीं दहादहा वर्षें जमिनींत निजून राहतात. ज्वारीचें मूळ जवळ आलें कीं त्यांतून पाझरणाऱ्या द्रव्याच्या चाहुलीनें तीं जागीं होतात, मुळाला चिकटतात आणि जमिनीखालींच रस ओढूं लागतात. वर ओल असूनहि ज्वारी सुकते, आणि गांव म्हणतें, मालक आळशी! पांढरीं फुलें वर येतात तीं मागाहून.

असें द्रव्य १९६६ सालीं प्रथम वेगळें काढण्यांत आलें, तें गंमत अशी कीं कापसाच्या मुळांतून. कापसावर टारफुला रुजतो, पण जगत नाहीं. मग मुळांनीं आपल्याच वैऱ्यास आमंत्रण कां द्यावें? याचा उलगडा २००५ सालीं झाला. ती हाक वैऱ्यासाठीं नसतेच. जमिनींतील स्फुरद आणून देणारी एक बुरशी मुळांशीं सख्य करते, तिच्यासाठीं ती असते. चोर ती मधल्यामध्यें ऐकतो. जमिनींत स्फुरद जितकें कमी तितकी हाक मोठी. हें वाचतांना मेहुण्यांचें तें हलकें रान आमच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें, आणि पुस्तक मिटून ठेवावेंसें वाटलें.

सर्वच वाण सारखे बळी पडतात असें नव्हे. ज्वारीच्या कांहीं वाणांच्या मुळांतून ही हाक फार क्षीण निघते. त्या गुणाचें जनुक २०१७ सालीं सांपडलें. 'एन-१३' नांवाच्या वाणाच्या मुळांतील भिंती जाड असल्यामुळें चोराला आंत शिरतां येत नाहीं. पण मेहुण्यांचें बियाणें त्यांच्या वडिलांच्या वेळचें, भाकरीला गोड. "तें टाकून दुसरें आणूं, हें आईला कोणत्या तोंडानें सांगूं?" असें ते म्हणाले. आमच्या घरीं दोन्ही वेळां पोळी. गहू थंडींत पिकतो आणि टारफुल्याला ऊब लागते, त्यामुळें आमच्या ताटावर हें संकट सहसा येत नाहीं. म्हणूनच कीं काय, आम्ही त्याचा कधीं विचारहि केला नव्हता. अमेरिकेंत १९५६ सालीं हा मक्यांत सांपडला तेव्हां सरकारनेंच त्याच्याविरुद्ध मोहीम उभारली, आणि ती अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालविली. माणदेशांत मेहुणे एकटे होते.

बांडगुळाचीं नुसतीं पानें ओरबाडून भागत नाहीं. गांठ लाकडांत शिरलेली असते. मेहुणे गांठीच्या बरेंच खालून फांदीच तोडीत होते, आणि आम्ही खालीं फांद्या गोळा करीत होतों. क्षमेचे शब्द तोंडाशीं येत, आणि तेवढ्यांत वरून कोयत्याचा घाव पडे. आमचें कुटुंब मागील दारीं उभें होतें, तें एक शब्द बोललें नाहीं.

चौथ्या दिवशीं ते निघाले. सुकेळीची पुडी त्यांनीं बहिणीकडून घेतली. आम्ही पुढें केलेले पैसे मात्र घेतले नाहींत.

भाद्रपदांत त्यांचें पत्र आलें. त्या रानांत यंदा कापूस आहे, आणखी दोन वर्षें तेथें ज्वारी पेरावयाची नाहीं. बांधालगतच्या तुकड्यांतला टारफुला फुलण्यापूर्वींच आई स्वतः उपटते. शेवटीं एकच विचारणा होती : आंब्याला नवी फूट आली काय?

आली आहे. तेवढें लिहून पत्र गेले आठ दिवस आमच्या मेजावर पडून आहे.