काळी चार ते पांढरी चार

युकुलेलेच्या चार तारा मोकळ्या छेडल्या की जी, सी, ई, ए असे सूर वाजतात. सीला सा धरा. मग त्याच तारा होतात प, सा, ग, ध. भूपाच्या पाच सुरांपैकी चार सूर, डाव्या हाताचं एकही बोट न लावता. उरतो फक्त रे, आणि तो सीच्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला असतो. मी पाहिलेल्या कुठल्याच व्हिडिओत हे नव्हतं. तिथं सगळे सी, ए मायनर, एफ आणि जी या चार कॉर्डपासून सुरू होतात आणि बराच काळ तिथंच राहतात. माझ्या हे लक्षात आलं ते आईमुळं. मी नुसताच मोकळ्या तारांवरून अंगठा फिरवत बसले होते आणि मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "भूपाळीवाणी वाजलालंय की गं."

आईला रागांची नावं फारशी माहीत नाहीत. ती भजनी मंडळात गायची. गायची असं का म्हणतेय, ते सांगते पुढं.

आमचं गाव कंधार, नांदेडपासून पन्नासेक किलोमीटरवर. (विमानाचा विनोद करून झाला असेल तर पुढं जाऊ. १९९९पासून तो आमच्या गावाला चिकटलेला आहे.) राष्ट्रकूटांच्या काळातला किल्ला आहे, जगत्तुंग सागर नावाचा तलाव आहे, मन्याड नदी आहे. युकुलेले शिकवणारं मात्र माझ्या माहितीत कुणी नाही. मी ते ऑनलाइन मागवलं, अडीच हजारांत. गिटार का नाही? घर लहान आहे, गिटारचा आवाज शेजारी जातो, आणि तिच्या लोखंडी तारा बोटं कापतात. याच्या तारा नायलॉनच्या, मऊ. मऊ असल्यामुळं त्या नव्या असताना ताणत राहतात, म्हणून पहिले आठ-दहा दिवस वाजवण्यापेक्षा खुंट्या पिळण्यातच गेले.

या वाद्याचा जन्म उसाच्या फडात झाला हे मला नंतर कळलं आणि ते फारच आपलं वाटायला लागलं. ऑगस्ट १८७९मध्ये रेव्हनस्क्रॅग नावाचं जहाज होनोलुलूला लागलं. त्यात पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची चारशेहून जास्त माणसं होती, हवाईच्या उसाच्या मळ्यांत करारावर काम करायला आलेली. त्यांच्यात लाकूडकाम जाणणारे तिघं होते: मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डायस आणि जोझे दो एस्पिरितो सांतो. मळ्यातलं काम सुटल्यावर त्यांनी होनोलुलूत फर्निचर आणि वाद्यं बनवायला घेतली. मदेराच्या एका छोट्या चार तारांच्या वाद्यावरून युकुलेले घडलं, आणि राजा कालाकौआनं त्याला दरबारात जागा दिली. आमच्या कंधार-मुखेडच्या डोंगराळ भागातल्या वाड्या-तांड्यांवरूनही दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या निघतात. भांडी, अंथरुणं, लेकरं, कोयते सगळं एकाच ट्रॉलीत. फड कुठलाही असो, दिवसभर कोयता चालवून रात्री माणसं गातच असणार. असो.

तर आई.

तीन वर्षांपूर्वी नांदेडला तिच्या थायरॉईडच्या गाठीचं ऑपरेशन झालं. नीट झालं, गाठ साधी निघाली. आवाजात फरक पडू शकतो हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. स्वरतंतू ताणून वरचे सूर लावणारा जो स्नायू असतो, त्याची बारीकशी नस थायरॉईडच्या अगदी कडेनं जाते. बोलताना आईचा आवाज पूर्वीसारखाच आहे, फोनवर कुणाला काही कळतही नाही. फक्त गाताना एका उंचीनंतर सुराच्या जागी हवा येते.

मंडळ काळी चारमध्ये गायचं. म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा सा. आई पुढं म्हणायची आणि बाकीच्या मागं. ऑपरेशननंतर दोन एकादशींना तिनं प्रयत्न केला, मग गप्प झाली. मंडळात जाणं तिनं सोडलं नाही. मागच्या रांगेत बसून टाळ वाजवायला लागली. घरी कुणी विचारलं तर म्हणायची, "टाळाला बी माणूस लागतंच की."

मी युकुलेले घेतलं ते यासाठी नव्हे. मला रील करायच्या होत्या, आणि केल्याही. सिनेमातली गाणी, एकेक कडव्याची, तीन कॉर्डवर. ती बरी चालायची. पण एका संध्याकाळी आई पोळ्या लाटताना गुणगुणत होती आणि माझ्या हातात ट्यूनरचं ॲप चालू होतं. स्क्रीनवर पुन्हा पुन्हा एफ दिसत होता. दुसऱ्या दिवशीही एफच. एफ म्हणजे पांढरी चार. काळी चारवरून खाली मोजत या: पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार. तीन पट्ट्या. तिच्या गळ्यानं आपला नवा सा स्वतःच शोधला होता, तो कुणी पेटीवर लावला नव्हता इतकंच.

मग मी तिला म्हटलं, मंडळाची भैरवी माझ्याबरोबर म्हण. भजन संपताना भैरवीतला जो तुकोबांचा अभंग ते म्हणायचे तो. "ह्या खेळण्यावर?" असं म्हणून ती हसली, पण बसली.

भैरवीत रे, ग, ध, नी चारही कोमल. पांढरी चारचा सा धरला तर एफ मायनर आणि बी फ्लॅट मायनर या दोन्ही कॉर्डचे सगळे सूर भैरवीतच असतात. कागदावर सगळं जमत होतं. मी दर ओळीला दोन-तीन कॉर्ड बदलत वाजवलं, आणि आई तिसऱ्या ओळीला थांबली. म्हणाली, "तू मला ओढलालीस. मला तिथं थांबायचं असतंय आन् तू पुढं नेलालीस."

मला वाटतं अरेंजमेंट म्हणजे काय हे मी त्या वाक्यावरून शिकले. कॉर्ड बदलला की ऐकणाऱ्याला वाटतं आपण दुसरीकडं आलो. पाश्चात्त्य गाणं त्याच प्रवासावर चालतं. अभंग एका जागी बसून चालतो, जाणं-येणं सगळं गळ्यात असतं. त्याला खाली जमीन लागते, रस्ता नाही.

म्हणून मी कॉर्ड काढत गेले. शेवटी उरला एकच, तोही अर्धा. युकुलेलेवर एफ मायनर असा धरतात: चौथी तार पहिल्या फ्रेटला, तिसरी मोकळी, दुसरी पहिल्या फ्रेटला, पहिली तिसऱ्या फ्रेटला. यातली चौथी तार, चेहऱ्याजवळची, अंगठ्यानं बंद केली तर मागं उरतात प, सा आणि वरचा प. बास. हा तंबोराच झाला, फक्त हातभर लांबीचा आणि जरा किरकिऱ्या आवाजाचा. त्या बंद केलेल्या तारेवर होता कोमल गंधार. तो मी वाजवला नाही की आईला तो तिच्या मनासारखा लावता येतो, कधी जरा चढा, कधी उतरता. फ्रेटला तेवढी लवचीकता नसते.

ठेका सोपा होता. भजनी ठेका आठ मात्रांचा, आणि युकुलेलेचा सगळ्यात लोकप्रिय स्ट्रमही आठातच बसतो: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. पण तो वाजवला की आपण समुद्रकिनारी आलोय असं वाटायचं. शेवटी नुसत्या अंगठ्यानं वाजवलं.

अडचण होती अंतऱ्यात. तिथं अभंग वरच्या सप्तकातल्या कोमल गंधारापर्यंत जातो. तीन पट्ट्या खाली आल्यावर हा गंधार बरोब्बर तिथं येतो जिथं पूर्वी आईचा वरचा सा होता. म्हणजे गेलेल्या सुरांतला पहिलाच. अजून खाली यावं तर धृपदातले खालचे सूर पुटपुटल्यासारखे होत होते. दोनदा ती त्या जागी आली आणि दोनदा हवा आली. तिसऱ्यांदा ती आधीच थांबली आणि माझ्याकडं बघितलं.

मी अंगठा उचलून चौथ्या तारेवर पहिल्या फ्रेटला बोट ठेवलं. तोच गंधार, त्याच उंचीचा. मी तो वाजवला, तिनं डोळे मिटून ऐकला आणि तिथून खाली उतरत ओळ पुरी केली. दोघींपैकी कुणी काही बोललं नाही. "पुन्हा म्हणू," एवढंच ती म्हणाली.

रेकॉर्डिंगचं तंत्र विचाराल तर: लोडशेडिंग. लाइट गेली की पंखे, फ्रीज, शेजारचा टीव्ही सगळं एकदम गप्प होतं. कपाटाची दारं उघडी टाकली, साड्या आवाज पिऊन घेतात. समोरच्या उघड्या भिंतीवर वाकळ टांगली. आधी युकुलेले आणि मग त्यावर आवाज असं वेगवेगळं करायचा बेत होता, पण इअरफोनमधल्या टिकटिकीबरोबर आई गाऊ शकत नव्हती. तिची लय श्वासाबरोबर थोडी मागंपुढं होते. म्हणून एकच फोन, आई त्याच्यापासून एक हात लांब, मी दोन-अडीच हात, आणि दोघी एकदम. अकरा टेक झाले. एकात कुकरची शिट्टी, एकात कुत्री, एकात आईला हसू फुटलं. सातवा ठेवला. त्यात गंधाराच्या आधी तिचा श्वास ऐकू येतो. ॲपमध्ये तो काढता आला असता. रिव्हर्ब देऊन बघितला तर आई म्हणाली, "देवळात गायल्यावाणी वाटलालंय. घरात गायलेलं घरातलंच राहू दे."

फाइल तिनंच मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. मला न विचारता. दहा मिनिटांनी पेटी वाजवणाऱ्या काकांचा फोन आला. गाणं कसं वाटलं हे बाजूलाच, त्यांचा पहिला प्रश्न, "वहिनी, पट्टी कोणती धरली?"

पुढच्या एकादशीला काकांनी पांढरी चार लावली. भजन संपल्यावर चहाच्या वेळी मंडळातल्या दोघी आईजवळ आल्या. त्यांनाही काळी चार कितीतरी वर्षांपासून झेपत नव्हती. मोठ्या आवाजात म्हणता म्हणता वरच्या जागी तोंड नुसतं हलवायच्या, आणि सगळ्यांत असल्यामुळं ते कुणाला कळायचं नाही. वय सगळ्यांचंच झालेलं, पण पट्टी खाली घ्या असं पेटीवाल्याला सांगायचं कुणी?

आता मंडळ पांढरी चारमध्येच गातं. आई पुन्हा पहिल्या रांगेत असते, टाळ मात्र तिनं सोडलेला नाही. अंतऱ्यातली ती जागा आली की ती थांबते आणि काकांची पेटी तेवढा गंधार घेते. काका तो जरा जास्तच वेळ धरतात.