गुलाल, भंडारा आणि बेज रंगाचं दार

डाग दाखवायला कुणी गाडी आणली की मला आधी त्या प्लास्टिकची मागची बाजू बघायची असते. दाराचं पॅड खोललेलं असेल तर ते जमतं. आतल्या अंगाला साच्यातच उठवलेली बारीक अक्षरं सापडतात: पीपी, ईपीडीएम, टीडी२०. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यात थोडं रबर आणि २० टक्के शंखजिऱ्याची पूड. ही अक्षरं भंगारात गेलेल्या गाडीचं प्लास्टिक जातवार वेगळं करता यावं म्हणून असतात; त्यासाठी आयएसओ ११४६९ असं मानकही आहे. मला ती चालत्या गाडीतच उपयोगी पडतात. एबीएस लिहिलं असेल तर अॅसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर जवळ आणायचा नाही, वरचा थरच विरघळतो. पॉलिप्रॉपिलीन मात्र अॅसिटोनला सहसा दाद देत नाही. मीटरवरची काच तर काच नसतेच, बहुधा अॅक्रिलिक असतं, आणि तिथे स्पिरिट फिरवलं तर बारीक चिरा पडू शकतात. हातभर जागेत दोन-तीन जातींचं प्लास्टिक असतं आणि बघणाऱ्याला सगळं एकच दिसतं, बेज.

या बेज रंगावर माझं पोट चालतं, तेव्हा त्याला नावं ठेवू नयेत. आतून जागा ऐसपैस वाटते म्हणून आपल्याकडे तो भरपूर खपला. पण ज्या देशात गाडी घेतल्या दिवशी स्टिअरिंगला हळदकुंकू लागतं, तिथे तो ठरवला कुणी, हे मला एकदा त्या माणसाला समोर बसवून विचारायचं आहे.

मी कोल्हापुरात काम करतो. इथे डागांचा हंगाम असतो आणि तो चैत्र पौर्णिमेला येतो. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा भरते, सासनकाठ्या नाचतात, गुलाल-खोबरं उधळलं जातं. पायऱ्या, भिंती, माणसं सगळं गुलाबी. त्यातली माणसं मग गाडीत बसून घरी येतात. सीटची कव्हरं काढून धुता येतात. दाराचं हँडल, आर्मरेस्ट, काचेची बटणं, सीटबेल्टच्या बाजूचा खांब हे सगळं जागच्या जागी साफ करावं लागतं.

यात निम्मं काम डोंगराच्या पायथ्यालाच बिघडलेलं असतं. कुणीतरी बाटलीतलं पाणी रुमालावर ओतून दार पुसलेलं असतं. कोरडा गुलाल ही भुकटी आहे. पाणी लागलं की तिचा रंग होतो. दाराचं प्लास्टिक गुळगुळीत नसतं. चामड्यासारखी जी नक्षी दिसते, आमच्या भाषेत दाणा, ती पोलादी साच्यावर बहुतेक वेळा आम्लाने कोरलेली असते आणि प्लास्टिकवर तिचे उंचवटे-खळगे उमटतात. ओल्या फडक्याने उंचवटे साफ होतात आणि तिथला सगळा रंग खळग्यात जाऊन बसतो. लांबून दार स्वच्छ दिसतं, आणि उन्हात तिरकं बघितलं की गुलाबी जाळी उठून येते.

म्हणून गुलालाच्या गाडीत पहिला बराच वेळ पाणी आत येऊ द्यायचं नाही. एका हातात व्हॅक्यूमची नळी, दुसऱ्या हातात मऊ ब्रश. ब्रशने दाण्यातून भुकटी उठवायची आणि ती खाली बसायच्या आत नळीने ओढून घ्यायची. वॉशिंग सेंटरवाल्या पोरांना कॉम्प्रेसरचा मोह असतो. हवा मारली की दार क्षणात लखलखीत होतं खरं, पण तो गुलाल एसीच्या जाळ्यांतून आत जातो. मग मालक पांढरा शर्ट घालून एसी लावतो.

कोरडं काम संपलं की पातळ केलेलं क्लीनर. तेही फडक्यावर घ्यायचं, पॅनेलवर फवारायचं नाही, नाहीतर ते बटणांच्या फटीत उतरतं. त्यानंतर ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. शुद्ध अल्कोहोल भराभर उडून जातं. थोडं पाणी असलं की ते डागावर जरा टिकतं आणि रंग सुटायला वेळ मिळतो. फडकं चार घड्यांचं करून दाबायचं, उचलायचं, घडी बदलायची. घासलं की तोच रंग शेजारी पसरतो. नवीन पोरगा हाताशी आला की त्याला घासायची सवय सोडवण्यात माझे दिवस जातात. जोर लावला म्हणजे काम केलं असं त्याला वाटतं, आणि समोर उभ्या मालकालाही.

भंडाऱ्याची, म्हणजे हळदीच्या भुकटीची, गोष्ट वेगळी. जेजुरीहून आलेली गाडी पिवळी असते, आणि तिचा मालक जास्त घाबरलेला असतो, कारण त्याने घरी काहीतरी करून बघितलेलं असतं. "साबण लावला नि लालच झालं की ओ!" हळदीतलं कर्क्युमिन अल्कली लागली की लाल होतं. कपड्यांचा साबण अल्कलीच, आणि आमची बरीचशी क्लीनरंही त्याच जातीची. घरी हळद आणि चुन्यापासून कुंकू करायचे ते याच गुणावर. अशा वेळी मी लिंबाचं पाणी बोटाने लावून लाल पुन्हा पिवळं करून दाखवतो. त्याने डाग निघत नाही, पण माणूस खुर्चीत बसून चहा घेतो. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं, म्हणून बराचसा भाग त्याने येतो. राहिलेल्या फिकट पिवळ्यावर मी हात चालवत नाही. दार उघडं ठेवून गाडी उन्हाला तोंड करून लावतो, कारण हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. गिऱ्हाइकाला हे पटवणं अवघड जातं. गाडी उन्हात उभी करायचे पैसे कसले, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर दिसतो.

गुलालाचं असं नाही. घामेजल्या, तेलकट हाताने लागलेला आणि वर आठवडाभर तापलेला गुलाबी रंग कधीकधी काही केल्या हटत नाही. पॉलिप्रॉपिलीनवर पाणी थेंब होऊन बसतं. तेलाशी मात्र त्याचं जमतं. त्यातल्या रबराला तर तेल प्यायची सवयच असते, आणि उष्णतेने ते पिणं वाढतं. अमेरिकेत अॅरिझोनातल्या कडक उन्हाळ्यात संशोधकांनी गाड्या तासभर उन्हात ठेवून मोजणी केली होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सियसला पोचलेला आढळला. एवढ्या तापात सनस्क्रीन लावलेला कोपर, हँडक्रीम, डोक्याचं तेल हे सगळं प्लास्टिकवर राहत नाही, आत शिरतं. मधल्या खांबावर टेकून झोपणाऱ्याचा डाग मी लांबून ओळखतो. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे थंडीतल्या सकाळी तो पांढुरका दिसतो आणि दुपारी गडद. तेल आत शिरलं की वरून पुसून थोडंच हाताला लागतं. कोमट वाफ, फडकं, थांबायचं, पुन्हा वाफ. तरी राहिलं तर मी सरळ सांगतो की आता पॅनेल बदलायचं किंवा तसंच वापरायचं.

इथेच लोक पांढरा स्पंज बाहेर काढतात. जादूचा म्हणून विकतात तो. तो मेलामाईनचा फेस आहे, म्हणजे फार बारीक पॉलिश पेपर. भिंतीवरची पेन्सिल त्याने जरूर काढा. दाराच्या पॅडवर तो डागाबरोबर दाण्याचे उंचवटेही झिजवतो. डाग जातो आणि त्या जागी रुपयाएवढी चकाकी येते, जी कुठल्याच बाटलीने परत मॅट होत नाही. डाग पुढच्या महिन्यातही काढता येतो, गेलेला दाणा येत नाही. म्हणून माझ्या दुकानात तो स्पंज फक्त बुटाच्या काळ्या रेघांसाठी आहे, तोही खालच्या पायपट्टीवर, आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवलेला.

एवढं करून गाडी द्यायला काढली की शेवटचा वाद चमकेचा होतो. प्लास्टिक कोरडं, मॅट, जसं होतं तसं दिसतं, आणि मालक नाराज. सिलिकॉनचं पॉलिश मारलेला डॅशबोर्ड त्याला नवा वाटतो. दुपारच्या उन्हात त्याचीच झळाळी समोरच्या काचेत पडते आणि रस्ता धुवट दिसतो, शिवाय तेलकट थरावर धूळ चिकटते ती वेगळीच.

"मामा, शोरूममधनं आणली तेव्हा चमकत होती का?"

"न्हवती."

"मग?"

"तरी पण जरा मारा की. एवढे पैसे घेताय."

डॅशबोर्डवर मी मारत नाही. दारांच्या खालच्या खिशांवर मारून देतो, तिथली चमक काचेत पडत नाही.